स्त्रीरोगतज्ज्ञाला संशोधन शिकायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारलंय, "मॅडम, गायनॅकमध्ये एमएस झालं, एसआरशिपचं (सीनियर रेसिडेन्सीचं) वर्ष संपलं, आता इथल्याच एका मेडिकल कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागलेय. बाळंतपणानंतरच्या अ‍ॅनिमियावर मला मनापासून काम करायचंय. थिसिस केला, पण खरं सांगायचं तर संशोधन कसं करतात ते मला येत नाही. अमेरिकेत स्त्रीरोगतज्ज्ञांना मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधक म्हणून तयार करणारे कार्यक्रम आहेत, असं वाचलं. आपल्याकडे तसं काही आहे का? मुलगी दोन वर्षांची आहे, बाहेरगावी राहायला जाता येणार नाही. घरचे म्हणतात, पंचवटीत हॉस्पिटल टाक आणि मोकळी हो. मी काय करू?"

आधी सरळ उत्तर देते. नाशिकमध्ये राहून हे जमतं. पण योजना शोधण्याआधी दोन गोष्टी मिळवाव्या लागतील. ड्यूटी चार्टवर तुमच्या नावापुढे संशोधनासाठी म्हणून लिहिलेला ठरावीक दिवस, आणि तुमचा कच्चा डेटा ओळ न ओळ वाचून प्रश्न विचारणारं एक माणूस. या दोन गोष्टी असल्या तर पैसा आणि फेलोशिप नंतर येते. त्या नसताना फेलोशिप मिळवलेले लोक मी पाहिलेत. दोन वर्षांत अहवाल लिहून ते पुन्हा पूर्णवेळ लेबर रूमला परतले.

"मला येत नाही" हे तुम्ही लिहिलंत, ते महत्त्वाचं आहे. मलाही येत नव्हतं, आणि ते कळायला पुढची तीन वर्षं गेली. नव्वदच्या दशकात माझा थिसिस गरोदरपणातल्या अ‍ॅनिमियावरच होता. सिनॉप्सिस मंजूर झाला, रुग्ण गोळा केले, गाइडची सही झाली, पासही झाले. मग एका कामानिमित्त मुंबईत परळच्या संशोधन संस्थेत गेले असता तिथल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांना मी मोठ्या अभिमानानं तो बांधीव थिसिस दाखवला. त्यांनी पानं चाळली आणि पाच मिनिटांत विचारलं, "हे हिमोग्लोबिन कशावर मोजलंय?" मी म्हटलं, आधी साहलीनं, मग मध्येच आमच्याकडे सेल काउंटर आला, त्यानंतर मशीनवर. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे उपचारानं वाढलं की मशीन बदलल्यानं वाढलं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही." साहलीच्या नळीत रंग डोळ्यांनी जुळवायचा असतो. एकच नमुना दोघांनी वाचला तरी आकडे वेगळे येतात. रोज ती नळी हातात घेणाऱ्या मला, माझ्या गाइडना, परीक्षकांना, कोणालाच हा प्रश्न पडला नव्हता. गेल्या पंचवीसएक वर्षांत मी संशोधनाबद्दल जे शिकले त्याचं मूळ त्या एका प्रश्नात आहे. पुस्तकात तो छापलेला असतोच. पण आपल्या आकड्यांसमोर बसून तो आपल्याला विचारणारं कोणीतरी लागतं.

आता अमेरिकेतल्या कार्यक्रमाबद्दल. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांपैकी एनआयसीएचडी ही संस्था बालआरोग्य आणि मानवी विकासाचं काम बघते. १९९८ मध्ये तिनं 'विमेन्स रिप्रॉडक्टिव्ह हेल्थ रिसर्च' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात अनुदान एकेकट्या डॉक्टरला मिळत नाही, ते विद्यापीठाच्या स्त्रीरोग विभागाला मिळतं. विभाग त्यातून नुकतंच क्लिनिकल प्रशिक्षण संपवलेले स्त्रीरोगतज्ज्ञ निवडतो. निवडलेल्या डॉक्टरनं कामाच्या वेळेपैकी किमान ७५ टक्के वेळ संशोधनाला द्यायचा आणि उरलेल्यात ओपीडी, ऑपरेशनं, शिकवणं बसवायचं. हे दोन ते पाच वर्षं चालतं. त्याच्याही दहा वर्षं आधी, १९८८ मध्ये, 'रिप्रॉडक्टिव्ह सायंटिस्ट डेव्हलपमेंट प्रोग्रॅम' सुरू झाला होता. त्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आधी मूलभूत विज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम शिकतो आणि मग विभागात परततो. ७५ टक्के म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात पावणेचार दिवस. ही अट विभागप्रमुखावरही बंधनकारक असते, म्हणून तिला किंमत आहे. आज ड्यूटीला माणूस नाही, तू जा, असं त्या डॉक्टरला सहज म्हणता येत नाही. आपल्या शाखेला अशा अटीची गरज जास्तच आहे. त्वचारोगतज्ज्ञाला संध्याकाळ तरी हमखास मिळते. आपल्याकडे सिझेरियन रात्री अडीचलाही येतं.

हा कार्यक्रम तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी आहे, त्यामुळे त्यावर अर्ज करायचा विषय नाही. त्याचा सांगाडा मात्र आपल्याला घेता येतो. राखीव वेळ, नावानिशी जबाबदार मार्गदर्शक, आणि दोन वर्षांपेक्षा कमी नसलेला काळ.

आपल्याकडे काय आहे ते सांगते. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. तिच्या साथरोगशास्त्र संस्थेचा, एनआयईचा, जैववैद्यकीय संशोधनाचा प्राथमिक ऑनलाइन कोर्स तुम्ही पीजीत केलाच असेल, तो आता सगळ्यांना करावा लागतो. व्याख्यानं चांगली आहेत. बहुतेक मुलं ती परीक्षेच्या आदल्या रात्री दुप्पट वेगानं ऐकतात. पुन्हा एकदा, या वेळी स्वतःचा प्रश्न समोर ठेवून ऐका. आयसीएमआरच्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी, पीजी थिसिससाठी, तरुण डॉक्टर-अध्यापकांना पीएचडी करता यावी यासाठी वेगवेगळ्या योजना आहेत. भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून २००८ मध्ये सुरू केलेल्या इंडिया अलायन्सच्या क्लिनिकल आणि पब्लिक हेल्थ फेलोशिपसाठी एमएस झालेल्या डॉक्टरला पीएचडी नसतानाही अर्ज करता येतो. चढाओढ मोठी असते. पहिल्या वर्षी तिकडे वळू नका. हातात स्वतः गोळा केलेला थोडा तरी नीट डेटा असला की त्या अर्जाला वजन येतं.

नाशिकला बसून आपल्या विषयातला आधार हवा असेल तर परळची आयसीएमआरची प्रजनन आणि बालआरोग्य संशोधन संस्था आहे, एनआयआरआरसीएच. ती १९७० पासून आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये जन्मलेलं टेस्ट ट्यूब बाळ आपण तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञ इंदिरा हिंदुजांच्या नावानं ओळखतो. पण त्यामागे या संस्थेचे तेव्हाचे संचालक आनंद कुमार आणि त्यांची प्रयोगशाळाही होती. क्लिनिकमधली डॉक्टर आणि प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ, दोन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आपल्यासाठी ते अंतर पंचवटी एक्स्प्रेसचं आहे. मी दोन वर्षं महिन्यातून एकदा सकाळच्या पंचवटीनं जायचे आणि संध्याकाळी त्याच गाडीनं परत यायचे. आता व्हिडिओ कॉल आहेत, तरी तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष जा. कागद समोर असला की माणूस पेन्सिल हातात घेतो, स्क्रीनवर तो फक्त मान डोलावतो. शिवाय आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथेच आहे. राज्यभरातली कॉलेजं त्याला जोडलेली असल्यामुळे कोण कशावर काम करतं हे कळायला नाशिकसारखी जागा नाही. त्याचा उपयोग इथले फार थोडे लोक करतात.

गाइड आणि मार्गदर्शक यात मी फरक करते. गाइड तुम्हाला विभागानं दिलेला असतो. त्याची सही नियमानं लागते. मार्गदर्शक तुम्ही शोधायचा असतो आणि तो आपल्याच विषयातला, आपल्याच कॉलेजातला असायला हवा असं मुळीच नाही. मला जे मार्गदर्शक लाभले त्यातल्या एक पीएसएमच्या, म्हणजे प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, होत्या. त्यांनी आयुष्यात एकही सिझेरियन केलं नव्हतं. त्यांनी जे शिकवलं त्याचा एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण मार्गदर्शन म्हणजे नेमकं काय हे त्यातून नीट कळेल.

गरोदर बायकांची बाराव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत पाहणी करायची, असा आमचा अभ्यास होता. दीड वर्षानं मी तक्ता घेऊन त्यांच्याकडे गेले. साधारण चौथा हिस्सा बायका शेवटपर्यंत आल्या नव्हत्या. मी लिहिलं होतं, "संपर्क तुटला." बाईंनी विचारलं, "या गेल्या कुठे?" मी म्हटलं, येत नाहीत मॅडम, आपल्याकडे लोक पाठपुराव्याला येतच नाहीत. त्या म्हणाल्या, "सगळ्यांची नावं काढ. वय, कितवी खेप, गाव, शेवटची तारीख." ती यादी करायला मला तीन रविवार लागले. आणि यादी पुरी झाल्यावर मला काही सांगावंच लागलं नाही. निम्म्याहून जास्त मुली पहिलटकरणी होत्या आणि सातव्या महिन्यानंतर गायब झाल्या होत्या. माहेरी गेल्या होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला जन्मापासून ठाऊक, माझं स्वतःचंही तसंच झालेलं. पण अभ्यासाचा आराखडा करताना ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दुसरा गट सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांकडच्या बायकांचा होता. त्यांच्या शेवटच्या तारखा बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीच्या. म्हणजे द्राक्षाचा हंगाम. घरं बंद करून त्या दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला उतरल्या होत्या.

बाईंचा पुढचा प्रश्न खरा मोलाचा होता. "मग तुझ्या तक्त्यात उरल्या कोण?" उरल्या होत्या शहरात राहणाऱ्या, दुसऱ्या खेपेच्या, मजुरीला न जाणाऱ्या बायका. त्यांचं हिमोग्लोबिन बरं होतं. मी निष्कर्ष लिहिणार होते की आमच्या उपचारानं अ‍ॅनिमिया सुधारतो. खरं तर ज्यांचा सुधारला नसता त्या मोजायलाच उरल्या नव्हत्या. संख्याशास्त्रात याला नाव आहे, व्याख्याही आहे, आणि मी ती परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

त्यानंतर आम्ही नोंदणीच्या कागदावर दोन रकाने वाढवले. माहेरचं गाव आणि तिथला फोन, आणि हंगामात कुठल्या भागात कामाला जाता. आशाताईंच्या मदतीनं त्या गावांपर्यंत पोचलो. पाठपुरावा पूर्ण झाला नाहीच, पण कोण सुटलं आणि का सुटलं हे प्रामाणिकपणे लिहिता आलं. तुम्ही बाळंतपणानंतरच्या अ‍ॅनिमियावर काम करणार आहात, तेव्हा तुमच्या वाट्याला हाच प्रश्न उलट्या दिशेनं येईल. नाशिकला बाळंत होणाऱ्या कितीतरी मुली इथे माहेरी आलेल्या असतात. सव्वा महिन्यानं त्या सासरी जातात, आणि तुमची सहा आठवड्यांची तपासणी नेमकी त्याच आठवड्यात पडते. तारीख ठरवतानाच हे धरून चाला.

संख्येचंही असंच. एखाद्या गोष्टीचं प्रमाण अंदाजे २० टक्के असेल आणि आपल्याला पाच टक्के इकडे-तिकडे इतकी अचूकता हवी असेल, तर चार गुणिले वीस गुणिले ऐंशी (शंभरातून वीस वजा) भागिले पंचवीस (पाचाचा वर्ग), म्हणजे २५६ बायका लागतात. हे सगळे थिसिसमध्ये लिहितात. पण पंधरा टक्के सुटणार असतील तर सुरुवातीला ३०० च्या वर घ्याव्या लागतात, आणि सुटणाऱ्या वेगळ्याच प्रकारच्या असतील तर तीन हजार घेऊनही उत्तर चुकतं. हा शेवटचा भाग सूत्रात नाही.

प्रश्न कसा निवडायचा, यावर माझं मत ठाम आहे. शिरेतून द्यायच्या लोहाच्या औषधांत आयर्न सुक्रोज चांगलं की फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज, यावर महाराष्ट्रात दरवर्षी थिसिस होतात. तो करू नका. जो प्रश्न तुमच्या वॉर्डात रोज समोर येतो आणि ज्याचं उत्तर कोणी मोजलेलं नाही, तो घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका आणि गरोदर बायकांपैकी ५२ टक्के अ‍ॅनिमिक निघाल्या. हे आकडे प्रत्येक थिसिसच्या पहिल्या पानावर असतात. पण हिमोग्लोबिन आठ असताना टाक्यांसकट घरी गेलेली बाई कितव्या दिवशी द्राक्षाच्या बागेत परत उभी राहते, लोहाच्या गोळ्या कोणत्या आठवड्यात बंद करते आणि बंद करायला कोण सांगतं, हे कुठे आहे? याला महागडं यंत्र लागत नाही. एक चांगली प्रश्नावली, बोटातल्या थेंबाऐवजी शिरेतलं रक्त, सगळे नमुने एकाच मशीनवर, आणि धीर एवढंच लागतं.

मोठी कामं अशाच साध्या प्रश्नांतून झाली आहेत. गडचिरोलीत राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्क्यांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि स्त्रीच्या आरोग्याचा अर्थ फक्त बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच धरणाऱ्या जगाला तो बदलावा लागला. लक्षात घ्या, राणीताई एमडी झालेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या, आणि गडचिरोलीला जाण्याआधी त्या आणि अभय बंग जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आले होते. आस्था होतीच, तिच्या जोडीला त्यांनी पद्धत शिकून घेतली होती.

दुसरं उदाहरण बेळगावचं. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणाऱ्या ऑक्सिटोसिनला थंडावा लागतो, तो खेड्यातल्या उपकेंद्रात नसतो. मिसोप्रोस्टॉलची गोळी साध्या तापमानाला टिकते. उपकेंद्रातल्या परिचारिकांनी, एएनएमनी, ती दिली तर उपयोग होतो का, हे बेळगाव जिल्ह्यातल्या १६२० बायकांवर तपासलं गेलं, आणि रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. मला त्या अभ्यासातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. रक्त किती गेलं हे डोळ्यांनी ठरवणं चुकतं, म्हणून त्यांनी मोजमापाच्या रेघा असलेली प्लॅस्टिकची पिशवी बाईच्या खाली लावली. आधी मोजायचं साधन केलं, मग औषध तपासलं. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत ई-मोटिव्ह नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यातही अशीच रेघांची पिशवी आणि तिच्या जोडीला उपचारांचा एकत्रित संच वापरून गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. बेळगावचा हा अभ्यास एनआयसीएचडीच्या ग्लोबल नेटवर्कमधून, म्हणजे अनेक देशांतल्या संशोधन केंद्रांच्या जाळ्यातून, झाला. म्हणजे तुम्ही जिच्या कार्यक्रमाबद्दल विचारलंत त्याच संस्थेचे धागे बेळगाव आणि नागपूरपर्यंत आलेले आहेत.

याच नेटवर्कचा आणखी एक अभ्यास माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी वाचायला लावते. अवेळी प्रसूती होणाऱ्या बाईला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली की बाळाची फुप्फुसं तयार होतात, हे आपण सगळे पाठ म्हणतो. सहा देशांत, त्यात आपलं बेळगाव आणि नागपूरही, गावपातळीवर ती इंजेक्शनं वाढवून पाहिली. फायदा दिसला नाही, उलट एकूण नवजात मृत्यू वाढले. नंतर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अ‍ॅक्शन अभ्यासात, भारतासह पाच देशांच्या रुग्णालयांत, गर्भाचं वय नीट ठरवून आणि नवजात बाळाची काळजी घेण्याची सोय असलेल्या ठिकाणी तीच इंजेक्शनं दिली तेव्हा नवजात मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध तेच. जागा बदलली, उत्तर बदललं. पुण्या-मुंबईतलं उत्तर सुरगाण्याला तसंच्या तसं लागू पडेल असं धरता येत नाही. म्हणून इथल्या डॉक्टरनं हे शिकायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

एथिक्स कमिटीला अडथळा समजू नका. तिथे विचारले जाणारे प्रश्न मार्गदर्शकाच्या प्रश्नांइतकेच उपयोगी असतात. आपल्या विषयात काही गोष्टी अधिक जपाव्या लागतात. संमती त्या बाईची हवी. सासू किंवा नवरा बाजूला उभा राहून "करा सही" म्हणतो ती संमती नव्हे. आदिवासी पाड्यावर काम करताना गावाची किंवा पाड्यातल्या प्रमुखांची परवानगी घ्यावी लागते, पण ती त्या बाईच्या संमतीची जागा घेत नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे. संमतीपत्र छापील मराठीत असतं आणि समोरची बाई घरी कोकणा बोलत असते, तेव्हा ते वाचून दाखवणारी व्यक्ती तिच्या भाषेतली शोधा. गर्भपाताची माहिती तुमच्या फॉर्मवर येणार असेल, आणि "आधीची गर्भारपणं" या रकान्यात ती येतेच, तर तो फॉर्म ओपीडीच्या टेबलावर उघडा पडता कामा नये. रुग्णांवर उपचारांची चाचणी करणार असाल तर सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी पहिली बाई घेण्याआधी करा. एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. एका हुशार मुलीचा दोन वर्षांचा अभ्यास एवढ्यावरून अडकलेला मी पाहिला आहे.

आता वेळ. विभागप्रमुखांकडे जाताना "मला संशोधनाला वेळ द्या" असं म्हणू नका, त्याला "बघू" हे एकच उत्तर असतं. ठरावीक मागा. आठवड्यातला एक पूर्ण दिवस आणि एक दुपार, त्या दिवशी ओटी आणि इमर्जन्सी नाही, आणि ते चार्टवर लिहिलेलं. बदल्यात काय देणार तेही सांगा. पीजींच्या सिनॉप्सिसची पहिली छाननी, किंवा माता मृत्यूंच्या आढाव्याचे कागद, असं विभागाला नकोसं वाटणारं एखादं काम अंगावर घ्या. दीड दिवस म्हणजे अमेरिकेतल्या पावणेचार दिवसांच्या निम्म्याहून कमी. पण वर्षाला सत्तरच्या आसपास दिवस होतात, आणि ते सलग तीन वर्षं मिळाले तर एक प्रश्न नीट सुटतो. तो दिवस मिळाल्यावर तो राखणं तुमच्या हातात आहे. पहिल्या सहा महिन्यांत ओळखीची पेशंट "मॅडम, तुमच्याच हातून हवी" म्हणत येईल. माझ्या सहकारी त्या दिवशी घेतील, असं सांगायला शिका. मला ते सांगायला वर्ष लागलं.

घरच्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. हॉस्पिटल टाकलं तर पैसा जास्त येईल, हे खरं आहे, आणि संशोधनातून तो येईल असं मी सांगणार नाही. पण दोन्हींतलं एकच निवडावं लागेल हेही खरं नाही. संध्याकाळी दोन तास कन्सल्टिंग करून हे काम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या डॉक्टर आहेत. स्वतःचं लेबर रूम टाकलं की मात्र रात्र आपली राहत नाही. निदान तीन वर्षं ते टाकू नका. मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत रात्री घरी राहायला मिळालं तर तेही वाईट नाही.

मार्गदर्शक निवडताना त्याच्या निबंधांची संख्या पाहू नका. त्याच्या आधीच्या विद्यार्थ्यांना फोन करा. आज ते कुठे आहेत, पहिलं नाव कोणाचं लागलं, परत आलेल्या मसुद्यावर किती खुणा होत्या, हे विचारा. आठ दिवसांत "छान आहे" म्हणून कागद परत आला तर तो वाचलेला नाही. कामात सहभाग नसताना नाव घालायला सांगणाऱ्या माणसापासून नम्रपणे लांब राहा, मग तो कितीही मोठा असो. आणि पंधरा दिवसांत निबंध छापून देतो अशा मेल रोज येतील. बढतीसाठी निबंध लागतात, त्यामुळे मोह होतो. तिथे छापलेला निबंध पुढे आयुष्यभर तुमच्या नावाला चिकटून राहतो आणि खरी फेलोशिप मागायला जाल तेव्हा समितीतला कोणीतरी तो वाचतो.

एक सुरुवात लगेच करता येईल. विभागप्रमुखांची परवानगी घ्या आणि बाळंतिणींच्या वॉर्डाचं गेल्या तीन महिन्यांचं डिस्चार्ज रजिस्टर काढा. नावं उतरवू नका. हिमोग्लोबिन दहाच्या खाली असताना किती बायका घरी गेल्या, ते कोणत्या दिवशी आणि कशावर मोजलं होतं, कितवी खेप होती, कोणत्या तालुक्यातल्या होत्या, आणि सहा आठवड्यांनी ओपीडीत किती परत आल्या, एवढंच एका पानावर मांडा. बरेच रकाने रिकामे निघतील. ते रिकामेच ठेवा, अंदाजानं भरू नका. ते पान घेऊन पीएसएमच्या एखाद्या जाणत्या अध्यापकांकडे जा, आणि नंतर माझ्याकडेही या. मार्गदर्शक म्हणून माझं नाव आत्ताच कुठे लिहू नका, आधी दोन-तीनदा बसून पाहू. गुरुवारी दुपारी दोननंतर मी ओपीडीत नसते. येताना कोरं रजिस्टरही आणा, त्यात पहिला रकाना माहेरच्या गावाचा आखू.